दादांची सतरा मिनिटं

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. विळे, कुदळी, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार, सगळ्यांना सुट्टी. मी अंबडला ज्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो तिथंही मशीन बंद करूनच हार घालायचे. हे सगळं लहानपणापासून माहीत असताना खंडेनवमीच्या सकाळी कॉम्प्युटर चालू ठेवून जो माणूस घराबाहेर पडला, तो मी.

पण आधी आवाजाचं सांगतो.

दादा, म्हणजे माझे वडील, झेंडू आणि शेवंती पिकवायचे आणि बाजारात स्वतः विकायचे. बाजाराच्या या टोकाला त्यांनी आरोळी दिली की त्या टोकाचा माणूस पिशवी झटकायचा. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील पण आवाज राहणार नाही. आम्ही ‘माणूस राहील’ एवढंच ऐकून हात जोडले. दुसरा अर्धा भाग घरी आल्यावर कळला.

ऑपरेशनला चार दिवस होते. मी द्वारका चौकातल्या एका दुकानातून माईक आणला आणि दादांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. कॉम्प्युटरमधला साधा रेकॉर्डर एका वेळी एकच मिनिट घ्यायचा. मिनिट झालं की थांबायचा, मग पुन्हा बटण. पहिलं मिनिट फुकट गेलं. त्यात मीच बोलतोय : “दादा, बोला. चालू आहे. अहो, भिंतीकडे नाही, इकडं तोंड करा. काहीही बोला.” दादा गप्प. शेवटी फक्त एकदा खाकरले.

दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, “काय बोलू? डब्याशी काय बोलायचं?”

“आईशी बोला.”

मग बोलले. मोटारीचा स्टार्टर दाबायच्या आधी काय बघायचं, खालच्या वाफ्याला पाणी किती, शेवंतीचे शेंडे कधी खुडायचे. एक आख्खं मिनिट बाजारातली आरोळी दिली, तेव्हा शेजारीण दारात आली, “फुलं घरी विकता का आता?” म्हणून. आणि सातव्या मिनिटात एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या भावाचं लगीन होतं तवा तुला कळवणला धाडलं नाय. फुलं तोडणीला आली होती. तू काय बोलली नाय. पन ते...”

तिथं मिनिट संपलं. मी बटण दाबेपर्यंत दादा पुन्हा मोटारीवर गेले होते. ‘तेच पुढं बोला’ असं म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही. मी लाल ठिपका बघत होतो.

अशी सतरा मिनिटं.

ऑपरेशननंतर दादा पाटीवर लिहायला लागले. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठं आणि ठसठशीत. अडचण एवढीच, की आईला वाचता येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या दोघांचं सगळं बोलणं ओरडून चाललं होतं, ती आता एका खोलीत बसायची. दादा पाटी दाखवायचे आणि आई अंदाजानं मान डोलवायची. “भूक लागली” लिहिलं तर ती पंखा लावायची. बायको किंवा मी घरात असलो तर वाचून दाखवायचो, पण आमच्या देखत दादा आईला लिहून तरी काय विचारणार? मीठ आणि पाणी.

म्हणून दुपारची भांडी आवरली की आई कॉम्प्युटरपाशी बसायची. माझी सुट्टी असली की मला, नाहीतर माझ्या बायकोला म्हणायची, “लाव त्यांना.” सतरा मिनिटं डोळे मिटून ऐकायची. सातवं दोनदा. “पन ते...” आलं की दरवेळी विचारायची, “पुढं काय म्हनले असतील?”

दादांना ते आवडायचं नाही. स्वतःचा आवाज सुरू झाला की ते चपला घालून मळ्यात निघून जायचे. एकदा तिनं दार अडवून विचारलंच, “पुढं काय म्हनत होता तुम्ही?” दादांनी माझ्याकडे पाहिलं, हात झटकला आणि गेले.

आता माझी हुशारी. कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या एका सोबत्यानं मला लिनक्सची सीडी दिली. फुकट, व्हायरस नाही, आणि कुणालाही उघडून बघता येतं आत काय लिहिलंय ते. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण उघडून बघता येतं या विचारानंच मी भारावलो. लिनक्स बसवलं, आणि दोन महिन्यांत त्याची जागा भरली. डिस्कवर पार्टिशन, म्हणजे कप्पे, असतात. माझ्या लिनक्सचा कप्पा बारका होता आणि शेजारचा, ज्यात दादांची सतरा मिनिटं होती, तो ऐसपैस. शेजारचा कप्पा आखडून जरा सरकवायचा आणि मोकळी जागा लिनक्सला द्यायची, एवढंच काम. त्यासाठी जीपार्टेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर होतं.

घरी इंटरनेट नव्हतं. सायबर कॅफेत जाऊन मी ते पेनड्राइव्हवर घेऊन आलो. बसवायला गेलो तर ते म्हणालं, आधी अमुक फाइल हवी. ती आणली तर ती म्हणाली, माझ्याबरोबर तमुक हवी. लग्नाला एका मामाला बोलवावं आणि त्यानं विचारावं, आमच्या साडूंना पत्रिका गेली का, तसं. तीन फेऱ्या झाल्या. बायको म्हणाली, “चाललंय ते चालू द्यावं, असं तुमच्या कंपनीत शिकवत नाहीत का?”

“जागा संपलीय.”

“कॉम्प्युटरची ना? मला वाटलं तुमच्या डोक्यातली.”

चौथ्यांदा ते बसलं. पडद्यावर डिस्कची आडवी रंगीत पट्टी आली आणि मला ऑपरेशन थिएटरात उभं राहिल्यासारखं वाटलं. काम सुरू करण्याआधी त्यानं इंग्रजीत बजावलं, की यात माहिती जाऊ शकते, दुसरीकडे नक्कल ठेवलीय ना? केसाएवढ्या फरकासाठी दुसऱ्यांचे पार्ट परत पाठवणाऱ्या या इन्स्पेक्टरनं ते वाचलं आणि पुढे गेला. सतरा फाइली मिळून बावीस-तेवीस एमबी होत्या. पेनड्राइव्ह खिशात होता. त्यात जागा होती.

तो दिवस खंडेनवमीचा होता. मशीनची साफसफाई याच दिवशी करतात म्हणून मीच तो निवडला होता. सकाळी नऊला काम सुरू केलं. पट्टी सरकायला लागली, दोन तास तरी लागणार होते. बायको टेम्पोतून झेंडू घेऊन बाजारात गेलेली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला मान वर करायला फुरसत नसते. मला कारखान्याच्या पूजेला हजर राहायचं होतं. कुणी चुकून काही दाबू नये म्हणून मी मॉनिटर बंद केला, कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवला आणि निघालो. सगळी काळजी घेतली. घरात दोन माणसं होती, त्यांना सांगायचं तेवढं राहिलं.

दुपारी पेढा घेऊन परत आलो तर कॉम्प्युटरला झेंडूचा हार, डब्यावर हळदकुंकवाची बोटं, पुढ्यात उदबत्ती. घर शांत. डब्याचा पंखासुद्धा शांत. भिंतीवरचं बटण बंद होतं.

पाटावर विळ्याशेजारी दादांची पाटी होती. तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : “हे चालू दिसतंय. बंद करू का?”

मी आईला विचारलं, “दादांनी तुला पाटी दाखवली का?”

“दाखवली की. पूजा करू का म्हनत असतील. मी म्हनलं हां, करा.”

पूर्वीचे दादा असते तर त्यांनी दारातून बाहेर बघत ओरडून विचारलं असतं, आणि मी निम्म्या रस्त्यातून परत आलो असतो. पाटीला ओरडता येत नाही. त्यांनी विचारायचं त्या माणसाला नीट विचारलं, होकार घेतला आणि मग शास्त्राप्रमाणे अवजार थांबवलं.

मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली.

कॉम्प्युटर सुरू केला. कप्पा दिसत होता, उघडत नव्हता. सॉफ्टवेअरला दोष द्यायला जागा नव्हती. अर्धं सामान नव्या घरात, अर्धं जुन्या, आणि कुठलं कुठं याची यादी हमालाच्या हातात असताना त्याच्या पायाखालची शिडी काढलेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी आवरून आई बसली. “लाव त्यांना.”

“बिघडलाय. दुरुस्त करतोय.”

आठ दिवस ती रोज तेच म्हणाली आणि मी रोज तेच म्हणालो. नवव्या दिवशी मळ्यात दादा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हवेत बोटानं बटण बंद केलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून भुवया उंचावल्या. माझ्यामुळे?

“नाही,” मी म्हणालो. “मीच चुकीचं दाबलं.”

माझं खोटं त्यांनी आयुष्यभर आवाजावरून ओळखलं होतं. मग ते खाली बसून तण उपटायला लागले. आईला मी संध्याकाळी तेच खोटं सांगितलं. ती पीठ मळत होती, ते मळतच राहिली, पोळ्यांना लागतं त्याच्या कितीतरी पुढे.

मेंटेनन्सच्या सोबत्यानं डिस्क नेली. हरवलेलं शोधणारं असंच एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यावर चालवलं. एका रविवारी डिस्क परत आणली. सतरापैकी सोळा फाइलींत नुसता खरखराट. धड निघाली एक, पहिली. दुपारी आई-दादा आणि बायको खोलीत असताना मी ती लावली. न लावून काय करणार होतो?

“दादा, बोला. चालू आहे. अहो, भिंतीकडे नाही, इकडं तोंड करा. काहीही बोला.”

आख्ख्या डिस्कमधून यंत्रानं नेमका माझा आवाज वाचवला होता. शेवटी दादांची एक खाकर. मग संपलं.

मी उठून डबा बंद करायला गेलो, तेव्हा मागून आई म्हणाली, “काय बोलू? डब्याशी काय बोलायचं?”

मला वाटलं मला म्हणतेय. पण तिचे डोळे मिटलेले होते. “श्टार्टर दाबायच्या आदी फ्यूज बघ,” ती म्हणाली. “वरची झाकनी सैल हाय.” दुसरं मिनिट, तिसरं मिनिट, जिथं ते थांबायचे तिथं थांबत, जिथं दम लागायचा तिथं दम घेत. दादा उठून चपलांपर्यंत गेले होते, ते तिथंच उभे राहिले. खालच्या वाफ्याचं पाणी तिनं चुकीचं सांगितलं तेव्हा त्यांनी परत येऊन पाटीवर पेन्सिल ठोकली आणि दोन बोटं दाखवली. “हां, दोन तास,” आई म्हणाली आणि पुढे गेली. शेवंतीच्या शेंड्यांनाही एकदा ठोकली.

मग सातवं आलं. आईनं आवाज खाली आणला.

“तुझ्या भावाचं लगीन होतं तवा तुला कळवणला धाडलं नाय. फुलं तोडणीला आली होती. तू काय बोलली नाय. पन ते...”

ती थांबली. आम्ही तिघंही थांबलो. तिथं मिनिट संपतं हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

“पन ते माझं चुकलं,” आई म्हणाली.

दादांच्या मांडीवर पाटी होती, हातात पेन्सिल. त्यांनी ठोकली नाही.