खाडीतला ठिपका

रेवदंड्याजवळच्या माळावर नंदूने मला अल्ट्रालाइटच्या मागच्या सीटवर पट्ट्यांनी करकचून बांधलं, तेव्हा कुठे मला कळलं की आपण नको त्या गोष्टीला हो म्हणून बसलो आहोत. नंदू माझा मामेभाऊ. बोटीवरची नोकरी सोडून दिघीजवळच्या वाडीत (नारळी-पोफळीच्या बागेत) स्थिरावला आणि मग हे खूळ डोक्यात घेतलं. विमानाचं नाव मोठं, लक्षण म्हणजे तीन चाकं, कापडी पंख आणि पाठीशी भणभणणारं इंजिन.

"ताई, मोबाइल इथे गाडीतच ठेव. वरून कुणाच्या तरी टाळक्यात पडायचा," तो म्हणाला. मी मुकाट्याने ठेवला.

त्याच्यासमोर दोन यंत्रं होती. एकावर नकाशा. वाऱ्याने कुठेही ढकललं तरी आपण नेमके कुठे आहोत ते उपग्रहावरून कळतं. दुसरं यंत्र मुठीत मावणारं. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथूनही ते उपग्रहामार्फत निरोप पाठवतं आणि घेतं. आपल्याकडे ते परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि परवाना हाती पडेपर्यंत नंदूच्या चपला झिजल्या. पण त्याशिवाय वृंदा, म्हणजे त्याची बायको, त्याला उडूच देईना. घरी तिच्या फोनवर नंदू म्हणजे नकाशावर सरकणारा एक ठिपका. तिची अट एकच होती: ज्या दिवशी हा ठिपका मला घाबरवेल, त्या दिवशी पंख विकायचे. यंत्रात तिने स्वतः दोन निरोप भरून दिले होते. जमिनीवर आलं की "उतरलो" आणि उडताना "येतो". घरातून निघताना "जातो" म्हणू नये, हे तिने आकाशालाही लागू केलं होतं.

नंदूने "येतो" पाठवलं आणि आम्ही उडालो.

कोर्लईचा डोंगर पायाखालून गेला. मग काशीदची पांढरी वाळू, सुरूची बनं, नांदगावच्या गर्द वाड्या. माझी भीती कुठे गळून पडली कोण जाणे, मला चक्क गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. मुरूड मागे पडलं, जंजिरा उजवीकडे दिसला आणि इंजिन खोकलं. परत खोकलं. मग गप्पच झालं.

"ताई, घाबरू नको. समोर शेत आहे," हेल्मेटमधून नंदूचा आवाज आला. दोन गचके, एक आपटी, आणि आम्ही हिरव्या वालांच्या शेतात थांबलो. नंदूच्या खिशातला फोन उडून बांधावर आपटला आणि त्याचा निकाल लागला. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. नंदूने लगेच "उतरलो" पाठवलं.

शेताची मालकीण कोयता घेऊनच आली. "अवो, येवढा आभाल मोकला हाय, नि माज्या वालांतच उतरायचा व्हता?"

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कोयता खाली ठेवला आणि पाणी आणलं. थोड्या वेळाने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ) पुढ्यात आलं. जिवावरचं टळल्यावरची भूक वेगळीच. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"घरी कोन वाट बघत असंल त्यांना फोन करा. इथं रेंज न्हाय, जेट्टीवर हाय," ती म्हणाली.

"काकी, तिला सगळं दिसतंय," नंदू हसला.

इंजिन काही आज ऐकणार नव्हतं. पंख मिटून काकींच्या खळ्यात ठेवले आणि रिक्षाने आगरदांड्याला आलो. पलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढताना नंदूने सवयीने "येतो" दाबलं आणि यंत्र पिशवीच्या वरच्या खिशात टाकलं.

"अरे, कुणाचा तरी फोन मागून बोल तिच्याशी," मी म्हटलं.

"ताई, ठिपका आहे ना!"

समोरून येणाऱ्या मालवाहू बार्जला वाट देत फेरी खाडीत बराच वेळ रेंगाळली. इंजिनाच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

दिघीच्या जेट्टीला एक मासेमारीची होडी इंजिन चालू करून उभी होती आणि तिच्यात वृंदा बसली होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नंदूची. नंदूने हाक मारली तेव्हा तिने आधी फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू पाण्यात होतास," ती म्हणाली.

"फेरीत होतो गं."

"'येतो' म्हणालास. म्हणजे परत उडालास. मग ठिपका खाडीत आला आणि वाहायला लागला."

नंदूने यंत्र बाहेर काढलं. तिचे तीन निरोप येऊन पडले होते. "पाण्यात का?" "नंदू, उत्तर दे." तिसऱ्यात एकच अक्षर होतं: "ये."

मला रडू फुटलं. नंदू तिथेच पायरीवर बसला. "विकतो पंख," तो म्हणाला.

वृंदा होडीतून उतरून त्याच्यासमोर आली. "पंख राहू देत. शब्द बदल. निघताना 'जातो' म्हण."

"वैनी, असा बोलू न्हाय," होडीवाला कळवळला.

"'निघालो' म्हणू दे ना," मी सुचवलं.

"निघाला तर तो फेरीवरसुद्धा होता, ताई. 'जातो' म्हणजे उडाला. 'येतो' फक्त घरी येताना. मला अशुभ चालेल, पण अर्धवट चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाटेत रेवदंड्याला गाडीतला मोबाइल घेऊन एसटीने पुण्याला परतले. दारात "येते" म्हणताना जीभ अडखळली, तेव्हा वृंदाच हसली. निरोप आता माझ्याही फोनवर येतात. माणूस नकाशावर दिसतो म्हणजे तो कळतोच असं नाही, एवढं मी त्या खाडीवर शिकले.

परवा भाजी चिरताना फोन वाजला. "जातो." लहानपणी या शब्दाबद्दल मामीने आमची कानउघाडणी केली असती. मी विळी बाजूला सारून ठिपक्याकडे बघत बसले. कोर्लई, काशीद, मुरूड. मग खाडी ओलांडून तो थांबला. "उतरलो." आणि पाठोपाठ "येतो."

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. तरी मोठ्याने म्हटलं, "ये."