बापूंनी बसवलेला डबा

शनिवारी साताऱ्याला आईकडे जायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी माधवनगरच्या घरी नेहमीप्रमाणे यादी करत बसले होते. आईची औषधं, टायरमधली हवा, बँकेचा कागद, आणि चौथं, ‘औंधला थांबून बापूंकडून डबा रिकामा करून घेणे’. तेवढ्यात बापूंच्या बायकोचा, हौसाक्कांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. ‘‘ताई, बापू गेलं. जेवून कलंडलं, ते उठलंच न्हाईत...’’ फोन ठेवल्यावर मी यादी नव्यानं केली. पहाटे निघणे, हार, हौसाक्कांच्या घरच्यांसाठी पिठलं-भाकरी. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

बापू माझ्या नात्यातले नव्हते. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते औंधला परतले आणि घराशेजारी पत्र्याची शेड टाकून गॅरेज चालवू लागले. सहा वर्षांपूर्वी माझी टर्बोची डिझेल गाडी त्यांच्या दारात चढाला दम टाकू लागली म्हणून ओळख झाली. त्यांनी टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, निघणारा जाड पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढं धरलं. ‘‘ताई, ह्यो हवंचा पाइप. आन् आत बगा, पापड तळाय ईल एवढं त्याल!’’ मी घाबरून वही काढली. ते हसले. ‘‘लिवा लिवा. इंजान म्हातारं झालं, खोकाय लागलंय. त्याला पिकदाणी पायजे.’’

पिकदाणी म्हणजे तेल अडवणारा डबा. इंजिनाच्या आत जी वाफ साठते तिच्याबरोबर तेलाचे बारीक कण येतात. ती वाफ एका पाइपानं टर्बोच्या तोंडाशी जाते आणि पुढं सगळीकडे तेलाचा लेप बसतो. त्या वाटेवर मध्येच डबा ठेवायचा. वाफ एका तोटीनं आत यावी, तेल खाली बसावं, उरलेली हवा दुसऱ्या तोटीनं पुढं जावी. बापूंनी डबा स्वतः घडवला. आत तारेचा बोळा घातला, वर भोकांची जाळी इतकी पक्की बसवली की तारेचा तुकडा सुटून टर्बोत जाऊ नये. डबा टर्बोच्या धगीपासून लांब, बॅटरीच्या बाजूला ठेवला. तळाला तेल काढायला तोटी. हे सगळं मी क्रमानं लिहून घेतलं होतं, ती वही आजही आहे.

राहिला रबरी पाइप. ‘‘तेलाचाच आना, पान्याचा नगं. लय फरक हाय,’’ असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. सांगलीतल्या दुकानात त्या मापाचा तेलाचा पाइप संपला होता. दुकानदारानं पंपाच्या पाण्याचा काळा पाइप पुढं केला. ‘‘दिसायला सारखाच, चालून जातंय की.’’ मला त्या दिवशी आणखी सात कामं होती. मी पाइप घेतला आणि यादीत खूण केली. औंधला बापूंनी तो दाबून बघितला. जवळचं त्यांना धूसर दिसे, मोतीबिंदूचं ऑपरेशन ते पुढं ढकलत होते. ‘‘तेलाचाच हाय नव्हं?’’ मी म्हणाले, ‘‘हो, हो.’’ माझ्या यादीवर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास होता. त्यांनी क्लिपा आवळल्या.

दीड महिन्यानं पुसेसावळीच्या अलीकडे बॉनेटमधून धूर निघाला. तेलाच्या वाफेनं तो पाइप आतून मऊ पडला होता, टर्बोच्या ओढीनं चपटा होऊन मिटला होता. वाफेला वाट राहिली नाही. इंजिनात दाब वाढला, तेल मोजायची पट्टी आपोआप वर उडाली आणि सगळं इंजिन तेलानं माखलं. एका ट्रॅक्टरनं मला औंधपर्यंत ओढत नेलं. शेडमध्ये तेव्हा शाळेच्या मुलांच्या गाड्या चालवणारे एक गृहस्थ उभे होते, त्यांच्या तिन्ही गाड्या बापूंकडेच असत. ते बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, ‘‘बापू, आता डोळं दमलं तुमचं. पोरांच्या गाड्या हायत माझ्या...’’

बापूंनी पाइप काढला, कापून बघितला, उजेडात धरून त्यावरची पुसट अक्षरं बराच वेळ लावली. मग म्हणाले, ‘‘व्हय. माझंच चुकलं. बघून घ्याया पायजे हुतं.’’

मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पर्स घट्ट धरून.

त्या तीन गाड्या दुसरीकडे गेल्या, त्यांच्यामागं गावातल्या आणखी काही. बापू दुसऱ्या दिवशी एसटीनं विट्याला गेले, योग्य पाइप स्वतः आणला आणि बसवला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त निघताना म्हणाले, ‘‘यादीत आनि एक लिवा, ताई. पाइपावरचं अक्षर वाचनं.’’ मी लिहिलं. खाली मान घालून. पुढची पाच-सहा वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले, चहा घेत राहिले. दर वेळी आज बोलू असं ठरवायचे, आणि गाडीत बसल्यावर वाटायचं, आता जुनी गोष्ट झाली.

परवा, तेरावं उलटल्यावर, हौसाक्कांना भेटले आणि सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या, हात थांबले नाहीत. ‘‘मग त्या दिशी त्या मानसाफुडं का न्हाई बोललासा?’’

‘‘धीर झाला नाही, आक्का.’’

‘‘हां...’’ त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘‘मला सांगून काय व्हनार आता? मी कुटं गाडी काढून न्हेली हुती?’’

त्यांचं बरोबर होतं. म्हणून हे इथं, आपल्या भागातल्या पेपरात लिहिते आहे, जिथं ते गृहस्थ आणि बाकीचेही वाचतील. तो पाइप मी आणला होता. तो तेलाचा नाही हे मला माहीत होतं. बापूंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्यांचं काम चोख होतं, तोच डबा अजून माझ्या गाडीत बसलेला आहे आणि नीट चालतो आहे.

ज्यांनी तेव्हा गाड्या हलवल्या, त्यांनी जमलं तर एकदा औंधला जाऊन हौसाक्कांना भेटावं. शेडला कुलूप नसतं. त्या रोज सकाळी ती झाडून घेतात आणि गाडी उभी राहील एवढी मधली जागा मोकळी ठेवतात.