माटोळीची गाठ

माझ्या मामांइतका दोरीवर विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लाटंबार्सेतले त्यांचे घर चिऱ्यांवर उभे आहे असे गवंडी म्हणे. माझ्या मते ते मामांच्या गाठींवर उभे होते. फाटकाला कडी नव्हती, दोरी होती. छत्रीचा दांडा, चष्म्याची काडी, रेडिओचे झाकण, मामीच्या कुकरची मूठ, सगळे बांधलेले. एकदा बाजारातून नवी, धडधाकट खुर्ची आणली, तर तिचेही पाय त्यांनी त्याच संध्याकाळी आवळून टाकले. मी हसलो तर म्हणाले, "मोडल्या उपरांत कोणूय बांधता रे!" आणि दोरी म्हणजे केवणीचीच, रानातून केवणीची साल आणून, भिजवून, सोलून स्वतः वळलेली. नायलॉनचे नाव काढले की पाहुण्याने जेवणाला नावे ठेवावीत तसा त्यांचा चेहरा होई.

या भक्तीचा कळस चतुर्थीला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली नि परसातली फळे बांधायची, ती आमच्याकडची माटोळी. सुपारीचा घोस, तोरिंगे, आंबाडे, नारळ, सगळे मामा एकटे बांधत. मामीने चाळीस वर्षे खालून फक्त फळे पुरवली. त्यांची गाठ कितीही भार घातला तरी ढिली होत नसे आणि विसर्जनाच्या दिवशी दोरीचे शेपूट ओढले की फळ अलगद हातात पडे. आम्हा भाचरांना शेपूट ओढायची मुभा होती. गाठ मारायची मात्र नाही. "ती हाताक येता, सांगून येना," हे त्यांचे ठरलेले उत्तर. खरे तर त्यांना शिकवायचीच नव्हती.

मग एका उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. जीभ देवाच्या कृपेने शाबूत राहिली, पण उजवा हात लुळा पडला. पणजीच्या इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पुन्हा चालता येईल का, हे त्यांनी विचारले नाही. "चवथीक कितले दीस आसात?" एवढेच विचारले. तेव्हा मला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहावे लागले.

हाताला रोजचा व्यायाम हवा होता, आणि त्यांना उचलून डिचोलीला, तिथून बस बदलून पणजीला नेणे कुणाच्याच आवाक्यातले नव्हते. तेव्हा इस्पितळाने व्यायाम फोनवर, व्हिडिओवरून घ्यायचे ठरवले. आमच्याकडे नेटवर्क मिळते ते गोठ्याच्या खांबापाशीच. मी फोन त्या खांबाला बांधला आणि दोतोरीण "नमस्कार" म्हणते न म्हणते तोच तो सुटून गाईच्या कोंड्याच्या घमेल्यात पडला. मामांनी खांबावर लोंबणाऱ्या माझ्या दोरीकडे नुसते पाहिले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

दोतोरीण म्हणजे डॉक्टरीण, असे आम्हीच म्हणायचो; खरी ती फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी. तिच्यापुढे मामा गळ्यापर्यंत गुंड्या लावून, केसांना तेल लावून बसत. मामी फोनपुढे चहाचा कप ठेवी. दारी आलेल्याला कोरडे कसे पाठवायचे? तो चहा निवला की मी पीत असे. बाईने दहा वेळा बोटे मिटायला सांगितली की मामा अकरा वेळा मिटत. "धाचेर थांबू नये गो बाय, एक वाडीव जाय," म्हणत. देवाला वाहायचे ते नेहमी एक जास्त, हा हिशेब त्यांनी व्यायामालाही लावला होता. पण रबरी चेंडू दाबायचा त्यांना मनस्वी कंटाळा. हाताला पकड येत नव्हती, दिवस जात होते, आणि चतुर्थीचा विषय घरात कुणी काढत नव्हते.

एके दिवशी त्यांनी तिला विचारले, "तूं खंयची गो?"

"हरमलची."

"तुमगेर माटोळी कोण बांधता?"

"भाव बांधता. नायलॉनान."

व्यायाम तिथेच थांबला. "नायलॉन? माटोळीक?" मामा थरथरत होते, पण झटक्याने नव्हे. "दोरी हाड गो, बाय. आतां हाड!"

मुलगी तिकडे बँडेजच्या पट्टीची नाडी घेऊन आली. चाळीस वर्षे जी गाठ घरच्यांना दाखवली नव्हती, ती मामा गोठ्यात बसून पणजीत बसलेल्या या पोरीला शिकवू लागले. तिला ती काही केल्या जमेना. "मामा, परत एकदां दाखयात. उजव्या हातान." मामा परत दाखवत. बोटे घसरत, दोरी निसटे, मामा कपाळाला हात लावत, तोही उजवा. महिनाभर हेच चालले. "शिकिल्लें चेडूं, पूण हात जड," ते मामीला कळवळून सांगत.

त्या चतुर्थीला आम्ही चौकट उतरवून गोठ्याच्या खांबापाशी आणली आणि मामांनी बाकावर बसून स्वतः माटोळी बांधली. सकाळी बसले ते दुपार टळेपर्यंत. नारळ दोनदा सुटला, तिसऱ्यांदा राहिला. फोनमधून ती पोरगी टाळ्या वाजवत होती आणि मामा गाठ तिच्या डोळ्यांपुढे धरून म्हणत होते, "पळय, पळय, अशी!"

पुढच्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर पहिली चतुर्थी आली. चौकट बांधण्यापुरती गोठ्याच्या खांबापाशी टांगली, त्यांनीच वळून ठेवलेली केवणीची दोरी हातात घेतली, आणि कळले की मला फक्त शेपूट ओढता येते. मामी तोरिंग हातात धरून उभी. न राहवून मी त्या मुलीला व्हिडिओ लावला.

तिने कपाटातून नाडी काढली आणि अंगठा कुठे ठेवायचा, शेपूट कोणत्या बोटात धरायचे, ते मला अगदी मामांसारखे दाखवले. एकदाही चुकली नाही. "पयल्याच दिसा जमिल्ली माका," ती हळूच म्हणाली. "पूण तांचो हात चलूंक जाय आशिल्लो."

मी दहा फळे बांधली आणि खाली उतरलो.

"धाचेर थांबू नये," फोनमधून आवाज आला.

तेव्हा मामीने पदर खोचला, माझ्या हातातली दोरी घेतली आणि फोनकडे पाहत पाहत अकरावी गाठ स्वतः मारली. शेपूट हलकेच ओढून पाहिले, आणि सुटायच्या आत थांबली. मग आत गेली, चहा करून आणला आणि कप फोनपुढे ठेवला.