बिनदारूची बैठक

आता काय सांगू तुम्हाला, मित्र टिकवायला माणूस काय काय करतो! हा किस्सा आधी सांगितला असेल तर हात वर करा, मी लगेच गप्प बसतो. नाही ना? मग ऐका.

मुलुंडला आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. बसतो म्हणजे कळलं ना? मी, विज्या आणि पाटकर, कॉलेजपासूनचे दोस्त. तर डॉक्टरांनी माझं लिव्हर तपासलं आणि म्हणाले, "यापुढे एक थेंबही नाही."

घरी आलो तो तोंड पाडूनच. बायको म्हणाली, "सांगा ना त्यांना सरळ. मी सरबत करीन."

सरबत! सरबत प्यायला विज्या घाटकोपरहून येईल? दारू सुटल्याचं दुःख नव्हतं हो. भीती होती ती शनिवार सुटण्याची. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे दुसरं येतं कोण? दूधवाला!

मग एका मॉलमध्ये मला ती सापडली, अल्कोहोल नसलेली रेड वाइन. तीच उंच काळी बाटली, तोच रुबाब! घरी आणून चव घेतली. कोकम सरबतात साखर घालायला विसरलेत आणि वर जांभळाची बी उगाळलीय, अशी चव. पण आम्ही तिघेही व्हिस्कीवाले. खरी वाइन कशी लागते हे कुणाच्या बापाला माहीत? बाटली गरम पाण्यात बुडवून लेबल सोलून काढलं आणि हॉटेलात करतात तसा वर नॅपकिन गुंडाळला.

शनिवारी दिलं ठोकून, "भाच्याने नाशिकहून आणलीय. जपून प्या हं, फार कडक आहे."

ते 'कडक' मी कशाला बोललो!

पाटकरने ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले. "लाकडाचा वास येतोय. जुनी आहे रे!" घरात गॅस लीक झाला तरी ज्याला वास येत नाही, तो हा माणूस!

दुसऱ्या ग्लासला विज्याची जीभ जड झाली. तिसऱ्याला पाटकर खुर्ची सोडून टीपॉयवर बसला. मला हसू आवरेना, म्हणून तोंडात तळलेली कोळंबी कोंबली.

तेवढ्यात विज्याने माझ्या गळ्यात हात टाकला. "आज बोलतोच. चढलीय ना, म्हणून बोलतो. रागावू नको."

"बोल की!"

"तू जाम पकवतोस रे."

"म्हणजे?"

"तेच तेच किस्से! तुझं ते हर्नियाचं ऑपरेशन किती वेळा ऐकायचं? पाटकर, तू सांग ना याला."

मला वाटलं, पाटकर सावरून घेईल. पाटकर म्हणाला, "म्हणून तर तुला अलिबागला नेलं नाही."

"कुठल्या अलिबागला?"

"दोन्ही वेळेला," विज्या म्हणाला.

"मग इथे कशाला मरायला येता?"

"फुकट मिळते यार! आणि वहिनींची कोळंबी एकदम झकास."

दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. करणार काय?

आता आमच्यात एक रिवाज आहे. बसल्यावर कोण काय बोललं, ते सकाळी विसरायचं. ते बोलणं माणसाचं नाही, बाटलीचं. याच एका रिवाजावर आमची मैत्री इतकी वर्षं टिकली. पण या बाटलीत काय होतं, ते मला एकट्यालाच माहीत होतं. जे बोलले ते विज्या आणि पाटकरच बोलले, पूर्ण शुद्धीवर. फार लागलं हो मला ते.

वर त्यांचा थाट बघा! "पोलीस पकडतील" म्हणून विज्याने गाडी आमच्याच सोसायटीत ठेवली. दोघांना धरून धरून जिना उतरवला आणि रिक्षात बसवलं, ते कोणी? मीच!

सकाळी विज्याचा फोन. "काल जास्तच झाली रे. काय बडबडलो, आठवत पण नाही. मनावर घेऊ नको हां. शनिवारी आहे ना?"

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं, तर त्याला सुटायला वाट उरली नसती आणि मला शनिवार उरला नसता.

"छे रे, काय मनावर घ्यायचं?" मी म्हणालो. "मलाच इतकी चढली होती, काहीच आठवत नाही."