अकाउंट नंबर मोठ्यानं वाच

"उभी राहा. मोठ्यानं वाच."

शेठचा हुकूम. मी उभी राहिले. न्हावा शेवा बंदराजवळचं ट्रान्सपोर्ट ऑफिस, मी तिथं बिलं करणारी. समोर बाकड्यावर ड्रायव्हर बसलेले, गेटपासची वाट बघत. मी स्क्रीनवरचं बिल वाचायला लागले. पार्टीचं नाव. मग शेठचा अकाउंट नंबर, एकेक आकडा सुटा. मग बँकेचा कोड. कुणीतरी फिसकन हसलं.

शेठ त्यांना म्हणाला, "सवलतीत पास झालेल्यांचं असंच. आकडे वदवून घ्यावे लागतात."

उलट उत्तर द्यायचं होतं. तोंडातून मात्र आकडेच आले.

झालं होतं एवढंच. आमच्याकडं ई-बिल कुणी कोऱ्यापासून करत नाही. जुनं उघडायचं, पार्टी आणि तारीख बदलायची, पाठवून द्यायचं. शिकवलंच तसं मला. शेठनं बँक बदलली, जुनं खातं बंद केलं आणि मला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझं बिल जुन्या खात्यावर गेलं, पैसे पार्टीकडं परत. तेव्हापासून रोज, प्रत्येक बिल, उभं राहून.

म्हसळ्याला घरी फोन केला. बाबा म्हणाले, "बाय, गप वाच. दुसरा पगार हाय का घरात?"

हेच बाबा लहानपणी सांगायचे, कुणापुढं वाकायचं न्हाय. मला त्यांचाही राग आला.

मग शेजारच्या टेबलावर बिलं करणाऱ्या शेठच्या भाच्यानं तीच चूक केली. तेच बंद खातं. मी बघत बसले, आता ह्याला उभं करतात का. शेठ हसला. "होतं रे. माणूस आहे." आणि चहा मागवला.

तो माणूस. मग मी कोण?

चहा संपायच्या आत मला हाक आली. "चल, वाच."

"न्हाय वाचणार." मी खुर्चीतूनच म्हणाले. "बिल बरोबर हाय. बघायचं तर इथं येऊन बघा."

आमच्याच गावाकडचा एक ड्रायव्हर होता, रोज मला जयभीम करणारा. त्यानं मोबाईलमध्ये मान घातली.

संध्याकाळी मला काढलं. आजूबाजूच्या ऑफिसांत विचारून आले. सगळे शेठ एकमेकांचे. "उलट बोलते ती तूच ना?" बाबा फोन घेत नाहीत. माझ्या जागी दुसरी पोरगी आलीय, तीही उभी राहून वाचते म्हणे. काही म्हणजे काही बदललं नाही.

उद्या आणखी एका ऑफिसात जायचंय. नाहीच म्हणतील. पण कुणी घेतलंच, तर अकाउंट नंबर मी भरीन, दहादा तपासीन. खुर्चीत बसून. उभी राहणार नाही.