धार ठरल्यावरच दाखला

आदरणीय श्री. मुरलीधर पठारे गुरुजींची आणि माझी पहिली भेट मी पहिलीत असताना झाली. मी पाटीवर ‘घर’ हा शब्द लिहीत होतो, पुसत होतो, पुन्हा लिहीत होतो. गुरुजी वाकून म्हणाले, “अरे, बरोबर आहे की! आता राहू दे.” बरोबर असलेलेही पुसायची ती खोड अजून गेलेली नाही. गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव अंकात लिहायला सांगितले, तेव्हा नववी नापास माणसाने काय लिहावे, म्हणून मी दोनदा नाही म्हणालो. मिरजगावच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना दुसऱ्यांचे लेख हाताखालून जातात. स्वतःचा हा पहिलाच.

आमच्या वाडीवरची शाळा सातवीपर्यंत. पुढे चार मैलांवर, सकाळी साडेसातला भरणारे मिरजगावचे हायस्कूल, नाहीतर नगर. कोणी कुठे जायचे हे गुणांवर ठरते, असे मला वाटे. गुरुजींना तसे वाटत नसे. सातवीचा निकाल लागला की ते दाखले कोटाच्या खिशात घालून घरोघर जात, घरच्यांशी बोलत आणि मगच दाखला बाहेर काढत. लोक मागे म्हणत, “गुरुजी दाखला देत्यात का सोयरीक जमवत्यात?” ते कानांवर गेले तेव्हा गुरुजी म्हणाले, “सोयरिकीतसुद्धा आधी घरच बघतात.”

घर बघताना आपले मत चुकले, तर ते मान्य करायलाही गुरुजी कचरत नसत. बौद्ध वस्तीतल्या साळव्यांना त्यांनी जवळचे म्हणून मिरजगाव सुचवले. साळवे म्हणाले, “जवळ नको, गुरुजी. पोरगं गावात दिसलं की मेलेलं ढोर वढायला हाका मारत्यात. लांबचं बोर्डिंगच बगा.” गुरुजींनी सल्ला तिथेच मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः नगरच्या बोर्डिंगात गेले.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण सुमन सातवीत पहिली आली. आई आणि वडील, म्हणजे आबा, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आबांचे म्हणणे, “पोरीला एक वरीस थांबू द्या.” थांबलेली मुलगी पुन्हा शाळेत गेल्याचे आमच्या वाडीने पाहिले नव्हते. मला घास गोड लागेना. आत्या नगरला राहते, म्हणून मी तिथल्या मुलींच्या हायस्कूलचा फॉर्म आणून भरूनही ठेवला.

संध्याकाळी गुरुजी ओट्यावर येऊन बसले. दुष्काळात राहिलेल्या आमच्या एकुलत्या एका गाईकडे बघत त्यांनी विचारले, “सकाळची धार कोण काढतं?”

“मी,” सुमन म्हणाली. “आई भाकऱ्या थापते, दादा वैरण आणतो. मग तोच दूध मिरजगावच्या हॉटेलात घालतो.”

“तू नगरला गेल्यावर कोण काढणार?”

सुमनने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे. गुरुजी म्हणाले, “म्हणजे दिवाळीला पोरगी परत.”

मी भीतभीत म्हणालो, “पण गुरुजी, नगर नाही तर मिरजगावच उरतं. तिथल्या शाळेत माझं वाटोळं झालं. हिचं नको व्हायला.”

“शाळेनं नाही केलं रे, दत्तू. धार काढून, हॉटेलात दूध घालून तू शाळेत पोचायचास, तोवर पहिला तास संपलेला असायचा. तो गणिताचा. आणि तू नापास कशात झालास? तिथल्या हेडमास्तरांनी मला हे सांगितलं, तेव्हा तू शाळा सोडून बसला होतास. तुझा दाखला मी शाळेतच तुझ्या हातात दिला होता. घर बघायला आलो नाही, ही माझी चूक. तेव्हापासून घरी जातो.”

चार वर्षे मी स्वतःला मठ्ठ समजत होतो. त्या संध्याकाळी छातीवरचा धोंडा उतरला.

गुरुजी आबांकडे वळले. “बाबूराव, धार ठरल्याशिवाय दाखला खिशातून निघणार नाही.”

आई पदर तोंडाला लावून हसली. “ह्यांनी जन्मात गाईला हात लावला न्हाई. लाथ मारंल ती.”

“मारू दे,” आबा म्हणाले. “तुजी बोलनी रोज खातोच की! द्या तो कागुद, गुरुजी. उद्यापास्नं धार मी काढतो. पर नगर नको. मिरजगावला दत्त्याच्या सायकलीवर जाईल न् यील.”

गुरुजींनी दाखला काढून सुमनच्याच हातात दिला. मला म्हणाले, “आधी हिला शाळेत सोडायचं, मग हॉटेलात दूध.” नगरचा फॉर्म मी चुलीत घातला. त्यात एकही खाडाखोड नव्हती, तरी वाईट वाटले नाही.

पहिल्या आठवड्यात गाईने आबांना दोन लाथा मारल्या. हॉटेलवाले दूध उशिरा येते म्हणून अजून कुरकुरतात. पण सुमनचा गणिताचा तास दोन वर्षांत बुडालेला नाही आणि या जूनमध्ये ती दहावीत गेली.

गुरुजी आता निवृत्त आहेत, तरी निकालाच्या दिवसांत लोक त्यांना घरी बोलावून नेतात. त्यांचे पाय असेच खणखणीत राहोत आणि आणखी पुष्कळ वर्षे ते घरोघरच्या ओट्यांवर बसोत. आमच्याकडे आल्यावर त्यांनी धारेचा तोच प्रश्न विचारावा. आमचे आबा उत्तर द्यायला टपलेलेच असतात.