बाबूची चांदणी

किनाऱ्यावर पर्यटकांना घोडीवरून फिरवणारा बाबू माणसांशी दिवसभरात चार शब्द बोलत नसे. चांदणीशी, म्हणजे त्या घोडीशी, मात्र त्याची अखंड बडबड चालायची. बारा वर्षांत त्याने तिला साधी काठी दाखवली नव्हती. त्याच माणसाला लोकांनी कसाई ठरवलं.

झालं असं, की मार्गशीर्षात चांदणीने खाणं टाकलं. बरगड्या दिसू लागल्या. कुणा पाहुणीने व्हिडिओ काढला, 'घोडीला उपाशी मारणारा माणूस'. ज्यांनी जन्मात घोड्याला गवताची काडी घातली नव्हती, त्यांनाही एकदम दयेचा पूर आला.

गुरांच्या डॉक्टर संचिताबाई म्हणाल्या, "जठरात काहीतरी वाढत असावं. घाटावर मोठ्या दवाखान्यात न्या. नळी घालून आत बघतील."

बाबूने आधी देवळात कौल लावला. विचारायचं होतं, 'नेऊ का?' या भोळ्याने विचारलं, "घरीच बरी होतली मा रे म्हाराजा?" देवाला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली. देव हो म्हणाला. आता घाट कोण चढतो!

मग भरवणं सुरू झालं. बायको सावित्री पेज शिजवायची. बाबू चांदणीचं तोंड वर धरून बांबूच्या नळकांड्याने ती घशात ओतायचा. चांदणी दात खायची, पाय आपटायची. "गिळ गो बाय," तो रडकुंडीला यायचा, "लोक म्हणतत, मी तुका उपाशी ठेवतंय." असं तीन महिने, दिवसातून चारदा.

शिमग्याच्या तोंडावर ती आडवी झाली ती उठलीच नाही. संचिताबाईंनी पोट उघडून दाखवलं. जठरात कोवळ्या फणसाएवढी गाठ होती.

"कॅन्सर," त्या म्हणाल्या.

"घाटावर नेली असती तर वाचली असती?" बाबूने विचारलं.

"नाही. याला इलाज नव्हता."

देवस्थानचे मानकरी भाई लगेच पुढे सरसावले. "बघ! देवान नेव नको सांगितलेला, ता खरा झाला. उगाचचो हेलपाटो वाचलो."

बाबूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मग तिथे नेऊन काय केलं असतं, बाई?"

संचिताबाई म्हणाल्या, "घास आत गेला की तिला मरणाच्या कळा येत असणार. इंजेक्शन देऊन झोपवली असती. तेव्हाच सुटली असती."

बाबू चांदणीजवळ वाळूत बसला. मग म्हणाला, "भाई, मी तिका खराच उपाशी ठेवला असता, तर बरा झाला असता."